तबिथाच्या मृत्यूची नोंद

ओपल हॅच पहिल्यांदा ग्रंथालयात आल्या, तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी माझ्या टेबलावर एका बाईचा जुना फोटो उभा केला.

“ही माझी आई, लिओना,” त्या म्हणाल्या. “हिला पुरून पंचेचाळीस वर्षं झाली. आता पाच आठवड्यांत हिला तिथून उचलावं लागणार आहे. ती कुणाची कोण, हे तुम्ही कागदावर दाखवून दिलंत, तर मला तिला फार लांब न्यावं लागणार नाही.”

१९७६ सालचा ऑगस्ट होता. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या टॅनर काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढ्या मुलखात, आम्ही दोन वर्षांपूर्वी राहायला आलो होतो. माझे यजमान तिथल्या वीजकेंद्रात इंजिनिअर होते. मी पुण्याहून इतिहासात एम. ए. केलेलं. घरात बसून भिंतींशी किती बोलणार, म्हणून काउंटीच्या ग्रंथालयात जुन्या कागदांच्या खोलीत काम मागितलं. ते लगेच मिळालं, कारण त्या तळघरात बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. त्या वर्षी देशाला दोनशे वर्षं पुरी होत होती आणि जो तो आपला पूर्वज शोधत होता. मला मोडी वाचायची सवय होती. त्यांच्या पणजोबांचं वळणदार इंग्रजी मला त्यांच्यापेक्षा लवकर लागायचं. हिंदुस्थानातून आलेली एक बाई आपले आजे-पणजे शोधून देते, ही गोष्ट गावात आधी विनोद म्हणून पसरली आणि मग पत्ता म्हणून.

ओपलबाई एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. चाळीस वर्षं गावातल्या शाळेत मास्तरकी केलेली, लग्न न केलेली. त्यांची हकिगत त्यांनी फळ्यावर लिहावी तशी क्रमवार सांगितली. या काउंटीत पहिलं झाड तोडणारा माणूस अमॉस प्रिचर्ड. १७९८ साली सपाट तळाच्या नावेतून बायको, चार मुलं आणि दोन गायी घेऊन तो नदीनं खाली आला. त्याच्या मूळच्या जमिनीवर, टेकडीवर, प्रिचर्डांची दफनभूमी होती. तिथं जागा फक्त अमॉसच्या वंशजांना. लिओना म्हणत असे, की आपली पणजी तबिथा ही अमॉसची मुलगी. जेकब स्ट्राउड नावाच्या माणसाशी तिनं लग्न केलं. स्ट्राउडांच्या पुढच्या सगळ्या पिढ्या कागदोपत्री लागत होत्या, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण पहिला सांधाच सुटा होता. प्रिचर्डांच्या म्हणण्याप्रमाणे तबिथा एकोणिसाव्या वर्षी कुमारिकाच वारली होती. लिओनानं मरताना आपल्या माणसांत ठेवा म्हणून सांगितलं, आणि विश्वस्तांनी नाही म्हटलं. मग ओपलबाईंच्या वडिलांनी शेजारच्या शेतमालकाची परवानगी काढून तिला कुंपणाच्या बाहेर, कुंपणापासून चार फुटांवर पुरलं.

“आणि आता?” मी विचारलं.

आता ती टेकडी कोळशाच्या कंपनीनं भाडेपट्ट्यानं घेतली होती. या कंपन्या बोगदे खणत नाहीत, डोंगराची साल सोलावी तशी माती काढतात. करारातून कुंपणाच्या आतली जमीन तेवढी वगळली होती. बाहेरचं सगळं एक ऑक्टोबरपासून कंपनीचं. बाहेर एक थडगं आहे हे कंपनीला मान्य होतं. ते काउंटीच्या सार्वजनिक दफनभूमीत, एकोणीस मैलांवर, आपल्या खर्चानं हलवून द्यायला ती तयार होती.

दुसऱ्या दिवशी ओपलबाईंनी मला त्यांच्या गाडीतून टेकडीवर नेलं. समोरच्या डोंगराची साल आधीच निघाली होती. खाली उघडा पिवळा कातळ दिसत होता आणि त्यावर एक यंत्र मान हलवत होतं. लोखंडी कुंपणाच्या आत साठेक दगड होते. बहुतेक ओबडधोबड, नावं पुसलेले. एकच ग्रॅनाइटचा दगड नवा होता. त्यावर ‘तबिथा प्रिचर्ड, १८००–१८१९’ असं कोरलेलं होतं आणि पायथ्याशी सुकलेली फुलं होती.

“हा हॉवर्डनं बसवला,” ओपलबाई म्हणाल्या. “स्वतःच्या खर्चानं. त्याचा तिच्यावर फार जीव.”

हॉवर्ड प्रिचर्ड हे दफनभूमीचे मुख्य विश्वस्त. बियाण्यांचा धंदा मुलाच्या हवाली करून त्यांनी प्रिचर्ड घराण्याचा चारशे पानांचा इतिहास छापला होता. मी त्यांना कळवलं तेव्हा मला वाटलं होतं की ते भेटायचं टाळतील. उलट त्यांनी आम्हा दोघींना चहाला बोलावलं. अंगानं उंच, बोलायला मृदू, आणि प्रत्येक वाक्य बोलण्याआधी तपासून घेणारे गृहस्थ. घराण्याचं बायबल त्यांनी स्वच्छ टॉवेलवर ठेवलं होतं, आणि त्याला हात लावण्याआधी आम्ही हात धुवावेत अशी त्यांनी विनंती केली.

“पहिलीत तुझी नखं मी तपासत होते, हॉवर्ड,” ओपलबाई हात पुढं करत म्हणाल्या. “घे, आता माझी तपास.”

ते लहान मुलासारखे लाजले. पण हात धुवायला लावलेच.

त्या लोकांत घराण्याचे जन्म, लग्नं आणि मृत्यू बायबलच्या मधल्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवण्याची रीत होती. अमॉसनं स्वतःच्या हातानं, टाकानं, चौदा मृत्यू नोंदले होते. मी एकेक वाचत गेले. माणूस गेलं की त्याचं वय ते वर्षं, महिने आणि दिवस असं मोजून लिहीत. अमॉसची बायको एक्केचाळीस वर्षं, दोन महिने, सहा दिवसांची होऊन गेली होती. एक मूल एकोणीस दिवसांचं. घरच्या गड्याचंसुद्धा वय होतं, जन्माची तारीख ठाऊक नाही म्हणून ‘अंदाजे’ असा शब्द घालून. सातव्या ओळीवर होतं: ‘तबिथा. मृत्यू, ११ मार्च १८१९.’ पुढं काही नाही.

“हिचं वय का नाही लिहिलं?” मी विचारलं.

हॉवर्ड म्हणाले, “मला वाटतं, बापाला लिहवलं नसेल. पहिली मुलगी होती.”

उत्तर न पटण्यासारखं नव्हतं. मी मान डोलावली. बाकीच्या गोष्टी त्यांनी समजावून सांगितल्या. ओपलबाईंबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतं, नियमच त्यांच्या हातचा नव्हता. अमॉस मृत्युपत्र न करता वारला. वारसांनी १८३४ साली शेत विकलं, तेव्हा खरेदीखतात दफनभूमीपुरतं एक कलम घातलं: ही जागा आम्ही व आमचे वंशज यांच्यासाठी कायम राखून ठेवली आहे. ते कलम त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी आज एकाला सूट दिली, तर उद्या कंपनी म्हणेल, तुम्हीच कलम पाळत नाही, मग आम्ही कुंपण का पाळावं. हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तीच अडचण होती.

परतताना गाडीत मी ओपलबाईंना म्हटलं, “समजा, त्या दिवशी ती मेलीच नसेल तर?”

“म्हणजे बापानं खोटं लिहिलं? बायबलमध्ये? तो चर्चचा वडीलधारा होता, मुली. रविवारी कुणी शीळ घातली तरी त्याला समज देणारा.”

“त्याला ते खोटं वाटलं नसेल.”

त्यांनी रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. असं तुला का वाटतं, हे त्यांनी विचारलं. वय नाही म्हणून, मी सांगितलं. आणखी एक कारण होतं, ते सांगितलं नाही. जेकब स्ट्राउड पोटासाठी काय करायचा, असं उलट विचारून मी विषय बदलला.

तो नदीपलीकडे मिठाच्या भट्ट्यांवर मजूर होता. खारं पाणी उकळून मीठ काढायचं काम. शनिवारी दारू प्यायचा आणि फिडल, म्हणजे गावठी व्हायोलिन, वाजवायचा, आणि फिडल हे सैतानाचं वाद्य असं मानणाऱ्यांपैकी अमॉस होता. एवढं ओपलबाईंना घरच्या सांगण्यातून माहीत होतं. मला पुढचं सुचायला एवढं पुरे होतं. नदीच्या त्या तीरावर तेव्हा व्हर्जिनिया राज्य होतं. कायदा वेगळा, कचेरी वेगळी. टॅनर काउंटीतल्या सगळ्या शोधकांनी तबिथाचं लग्न टॅनर काउंटीतच शोधलं होतं. पळून जाणारी मुलगी बापाच्या ओळखीच्या कारकुनापुढं उभी राहील कशाला?

पलीकडच्या कचेरीत लग्नांचं पुस्तक होतं, पण सूची नव्हती. आम्ही दोन दिवस पान पान उलटलं. ओपलबाई तारखा वाचत, मी नावं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा आवाज थांबला. त्यांनी पानावर बोट ठेवलं होतं.

जेकब स्ट्राउड आणि तबिथा प्रिचर्ड. ११ मार्च १८१९.

मला वाटलं, जिंकलो. मी नक्कल घेऊन त्याच संध्याकाळी हॉवर्ड प्रिचर्डांकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि तिसऱ्यांदा वाचली.

“नदीपलीकडे तेव्हा प्रिचर्डांची आणखी तीन घरं होती, मिसेस पावगी,” ते शेवटी म्हणाले. “आमच्याशी नातं नसलेली. एकात तबिथा असू शकते. तुम्ही मला तारीख आणून दिलीत. मला माणूस पाहिजे.”

मी त्यांच्यावर चिडू शकले असते, पण माझ्या पुण्याच्या सरांनीही हेच म्हटलं असतं. ओपलबाईंना मात्र मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, की पोरगा पहिलीपासून असाच. दोन आणि दोन चार हे फळ्यावर दिसत असतानासुद्धा बोटं मोजायचा. मग त्या कंपनीच्या माणसाला फोन करायला उठल्या. शवपेटी जुनी आहे, सावकाश उचला, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

एक ऑक्टोबरला सतरा दिवस उरले होते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी तळघरात दिवे लावत होते, तेव्हा हॉवर्ड प्रिचर्ड जिना उतरून आले. हातात टोपी आणि मोठं पाकीट. ते बसले नाहीत. त्यांनी पाकिटातून खरेदीखताच्या चार पानांच्या छायाप्रती काढून माझ्यापुढं एकापुढं एक मांडल्या.

“तुम्ही चुकलात हे सिद्ध करायला मी कचेरीत गेलो होतो,” ते म्हणाले. “हे तुम्हांला सांगितलं पाहिजे. मला वाटलं, १८३४ला शेत विकताना अमॉसची हयात असलेली सगळी मुलं सही करणार. त्यात तबिथा नसेल, म्हणजे प्रश्न संपला.”

“तुम्ही हे खत आधी पाहिलं नव्हतं?”

“आमच्या विश्वस्तांच्या वहीत ते कलम उतरवलेलं आहे. १८९१ साली कुणीतरी उतरवलं. फक्त कलम. कचेरीच्या सूचीत खत ‘इलाय प्रिचर्ड व इतर’ असं लागलेलं आहे. इलाय थोरला मुलगा.” त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. “तीस वर्षं मी ते कलम म्हणतोय. ते ‘इतर’ कोण, हे मी कधी पाहिलं नाही.”

चौथ्या पानावर सह्या होत्या. वरून सहाव्या जागी: जेकब स्ट्राउड, आणि त्याची पत्नी तबिथा, मयत अमॉस प्रिचर्ड यांची कन्या. तिला लिहिता येत नव्हतं. नावापुढं फुलीची खूण होती. खाली न्यायाधीशाचा शेरा. त्या काळच्या कायद्याप्रमाणे त्यानं तिला नवऱ्यापासून दूर, एकटीला उभं करून विचारलं होतं, की ती हे आपखुशीनं करते आहे का. ती म्हणाली होती, होय. बापाच्या लेखी मरून तिला पंधरा वर्षं झाली होती. पण बायबल बापाचं होतं, खरेदीखत सरकारचं. तिच्या खुणेशिवाय शेत विकता येत नव्हतं, आणि ज्या कलमानं लिओनाला बाहेर ठेवलं, त्यातल्या ‘आम्ही’ या शब्दात तीसुद्धा होती.

“मग बावीस वर्षं मी फुलं कुणावर ठेवत होतो?” हॉवर्ड म्हणाले.

ते आता खुर्चीवर बसले.

“मला एक विचारायचंय, मिसेस पावगी. ते पान मी हजारदा पाहिलंय. तुम्ही एकदा पाहिलंत आणि तुमच्या तोंडावर काहीतरी दिसलं. मी त्या दिवशी ते पाहिलं होतं. तुम्हांला कसं कळलं?”

ही गोष्ट तोवर मी यजमानांनाही सांगितली नव्हती. ती मी त्या तळघरात, एका परक्या माणसाला, त्याच्या भाषेत सांगितली. आपल्या भाषेत ती मला सांगता आली नसती असं आज वाटतं.

मी म्हटलं, “माझी एक आत्या होती. वेणू. मिरजेला आमच्या घरात मला तिनंच वाढवलं. मी आठ वर्षांची असताना तिनं एका ख्रिस्ती कंपाउंडरशी लग्न केलं. आजोबांना कळलं तेव्हा ते जेवत होते. ते पानावरून उठले, विहिरीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली. आमच्याकडे घरातलं माणूस मेल्यावर अशी आंघोळ करतात.”

“ती जिवंत असताना?”

“जिवंत असताना. मग घरातल्या सगळ्यांना करायला लावली. मलाही विहिरीवर उभं करून डोक्यावरून दोन बादल्या ओतल्या. मे महिना होता, मिस्टर प्रिचर्ड. पाणी गार होतं. मला मजा वाटली. मी आणखी एक बादली मागितली.”

ते माझ्याकडे पाहत राहिले.

“आणि पुढं कॉलेजात इतिहास शिकायला लागल्यावर मी आमच्या घराण्याची वंशावळ नव्या कागदावर सुवाच्य उतरवून काढली. आजोबांनी वेणूच्या नावापुढं जे लिहिलं होतं, तेच लिहिलं. मृत्यू, १९५३. अमॉसनं तरी स्वतः लिहिलं होतं. आमच्याकडचं अक्षर माझं आहे.”

मग त्यांनी ती चार पानं गोळा केली, माझ्याकडून टाचणी मागून घेतली, आणि म्हणाले, की ओपलबाईंकडे मी एकटाच जातो. त्यांनी काही बोलायचं ठरवलं, तर ते ऐकायला दुसरं कुणी नसलेलं बरं.

त्या काय बोलल्या ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण लिओनाला उचलावं लागलं नाही. तिला आत आणण्याऐवजी कुंपणच बाहेर न्यायचं, ही कल्पना हॉवर्ड यांची. कंपनीला बारा फुटांच्या पट्टीपेक्षा वर्तमानपत्राची भीती जास्त होती; तिनं चार दिवसांत संमतिपत्र पाठवलं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही टेकडीवर जमलो. हॉवर्ड आणि त्यांचा मुलगा खड्डे खणत होते, माझे यजमान दोरी धरून अंतरं मोजत होते, आणि ओपलबाई घडीच्या खुर्चीवर बसून देखरेख करत होत्या.

“तो खांब तिरका आहे, हॉवर्ड.”

“जमीन तिरकी आहे, मिस ओपल.”

“सहा वर्षांचा होतास तेव्हाही चूक जमिनीचीच असायची.”

त्यांनी खांब उपटून पुन्हा रोवला. ग्रॅनाइटचा दगड त्यांनी काढला नव्हता. खरी तबिथा नदीपलीकडे भट्टीवाल्यांच्या दफनभूमीत होती आणि ती दफनभूमी केव्हाच पुरात गेली होती. नावाला एक जागा असावी, म्हणून दगड ठेवला आणि मृत्यूचं साल तेवढं घासून काढलं. दुपारी कुंपणाची शेवटची पट्टी बसली. ओपलबाई उठल्या, फाटक उघडून आत गेल्या, आणि आतल्या बाजूनं चालत आईपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या रडल्या नाहीत. हातरुमालानं त्यांनी दगडावरची माती पुसली आणि मला हाक मारली.

“हॉवर्डनं मला तुझ्या आत्याचं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “रागावू नकोस. कुठं असते ती?”

“हुबळीला. तीन मुलं आहेत असं ऐकलंय.”

“पत्र लिहिलंस कधी?”

“नाही.”

“तेवीस वर्षांत?”

मी खाली पाहिलं.

“माझ्या आईला आत घ्यायला पंचेचाळीस वर्षं आणि दोन राज्यांच्या कचेऱ्या लागल्या, मुली. तुझं माणूस जिवंत आहे. तुला एक पाकीट आणि तिकीट लागेल.” मग त्या माझा दंड धरून, खुरटं गवत चुकवत, फाटकाकडे निघाल्या.

त्याच आठवड्यात मी पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं आणि पाचव्यांदा टाकलं. विहिरीची सगळी हकिगत लिहिली, तिसऱ्या बादलीसकट, आणि वंशावळीतलं अक्षर कुणाचं तेही. उत्तर यायला सात आठवडे लागले. पातळ निळ्या हवाई पत्रावर, चारही कडांपर्यंत भरलेलं. तिच्या मुलांची नावं होती, नवऱ्याच्या दम्याचं होतं, अमेरिकेत तुरीची डाळ मिळते का ही चौकशी होती. आजोबांविषयी दोनच ओळी होत्या, अगदी शेवटी, जागा संपल्यामुळं आडव्या लिहिलेल्या.

‘दादांनी माझ्या नावानं आंघोळ केली, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुलाही घातली, हे आज कळलं. ओल्या केसांनी तशीच हिंडली असशील. तुला सर्दी तर झाली नाही ना गं तेव्हा?’